राजूरमार्गे टेंभुर्णी

आमच्या गल्लीतल्या बाकीच्यांच्या गाड्या नुसत्या निघतात. उत्तमराव खरातांची गाडी निघण्याआधी घोषणा होते.

सकाळी ते अंगणातली गाडी रस्त्यावर काढतात, दार उघडतात, एक पाय आत नि एक बाहेर ठेवून उभे राहतात आणि थोडा नाकातून, बराचसा बेंबीतून असा आवाज काढतात, "प्रवाशांनी नोंद घ्यावी. मस्तगडहून भाजी मंडईकडे जाणारी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. कोणाला कोथिंबीर, मिरची, लिंबं मागवायची असतील त्यांनी तात्काळ संपर्क साधावा."

गल्लीत नवीन आलेला माणूस दचकतो. आम्ही दचकत नाही. आमच्या बायका खरंच संपर्क साधतात. वरच्या मजल्यांवरून पिशव्या खाली सोडल्या जातात, गाडी जाते, तासाभरानं परत येते आणि "मंडईहून आलेली गाडी फलाटावर लागत आहे" हे ऐकल्यावर सगळ्या आपापली कोथिंबीर उतरवून घेतात.

खरातकाका जालन्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे त्या जाळीच्या खोलीत माइकसमोर बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते सांगणारे. अख्खी नोकरी त्यांनी हेच केलं. माझ्या वयाच्या प्रत्येक जालनेकराला या आवाजानं एकदा तरी बाकावरून उठवून पळायला लावलेलं आहे. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, पण तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. ते आमच्या समोरच्या घरात राहायला आले तेव्हा "नमस्कार, मी खरात" एवढंच म्हणाले, आणि माझा हात आपोआप पिशवीकडे गेला.

गल्ली त्यांना कंट्रोलर म्हणते. तोंडावर काका, पाठ वळली की कंट्रोलर.

माणसांची नावं काकांच्या लक्षात राहत नाहीत. राहतात ती गावं. माझं मस्तगडला वह्या-पेनांचं दुकान आहे, पण काकांच्या लेखी मी दुकानदार नाही. आमचं मूळ गाव तीर्थपुरी, म्हणून मी 'तीर्थपुरी'. "काय तीर्थपुरी, आज लेट?" दूधवाला 'बदनापूर'. कोपऱ्यावरचे डॉक्टर 'वाटूरमार्गे परतूर', कारण डॉक्टर परतूरचे आणि त्यांची सासरवाडी वाटूरची. माझ्या बायकोला ते 'विनाथांबा' म्हणतात. का, ते तिचं बोलणं एकदा ऐकलेल्या माणसाला विचारावं लागत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मी चूक केली. जेवणाची वेळ झाली, गर्दी आवरेना, म्हणून मी काकांच्या हातात माइक दिला. काकांनी माइक दोन बोटांनी असा धरला, जसा बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मित्राचा हात धरावा. मग सुरू झालं. "पहिली पंगत सुटण्याच्या तयारीत आहे. पहिल्या पंगतीच्या प्रवाशांनी मठ्ठा पिऊन उतरून घ्यावं. दुसऱ्या पंगतीच्या प्रवाशांनी रुमाल टाकून जागा धरू नये. नवरदेवाचे मामा जिथे असतील तिथून त्यांनी चौकशी खिडकीजवळ यावं, त्यांच्या घरचे वाट पाहत आहेत." लोक हसून हसून बेजार झाले, पण तशा शिस्तीत जेवलेलं वऱ्हाड मी पुन्हा पाहिलं नाही.

आणि स्वतःच्या बायकोला काका म्हणतात, 'टेंभुर्णी'.

कलावतीकाकू माहेरच्या टेंभुर्णीच्या, जाफराबादकडच्या. त्यांच्या वडिलांची भीमगीतांची गायन पार्टी होती, आणि त्या पार्टीत ढोलकी वाजवायची ही मुलगी. मुलगी ढोलकी वाजवते म्हटल्यावर आसपासच्या गावांतून माणसं नुसती पाहायला यायची. काकाही एका जयंतीच्या कार्यक्रमाला असेच गेले आणि पुढं बसून टाळ्या वाजवू लागले. आता काकांच्या टाळीबद्दल सांगायला हवं. या माणसाला आवाज मिळाला तो भरभरून, पण ताल वाटताना वाटणाऱ्याचा हात आखडला. काकांची टाळी ठेक्याच्या जरा आधी पडते नाही तर जरा नंतर, ठेक्यावर म्हणून पडत नाही. दोन कडवी त्या मुलीनं सोसलं. मग ढोलकीवरचा हात थांबवून सगळ्यांसमोर म्हणाली, "ते जालन्याचे पाव्हणे टाळ्या वाजवायचे थांबले तर म्होरं वाजवते."

"मंग काय, थांबलो," काका सांगतात. "आन् तिथंच थांबलो. सोयरीक करूनच उठलो."

काकूंचे कान एकदम गेले नाहीत. आधी कुकरची शिट्टी गेली. मग दाराची कडी गेली, मग फोनवरची लेक गेली. कानाची मशीन आणली, ती काकूंनी थोडे दिवस लावली आणि काढून डबीत ठेवली. "ह्याच्यात सगळे लोक भांडे पाडल्यासारखे बोलतेत," म्हणाल्या. ढोलकीला खोळ घातली आणि ती कपाटावर चढली. काकांनी ती खाली काढायचा विषय एकदा काढला होता. काकू म्हणाल्या, "बरोबर वाजली का चूक, हे मला दुसऱ्याला विचारावं लागत असंल तर कामून वाजवायची?"

स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं काकू बोलतात ते एक तर पुटपुटल्यासारखं नाही तर शेतातून हाक मारल्यासारखं. मधलं काही जमत नाही. एका बारशाला त्यांनी बाळाच्या आईला विचारलं, "नाक कोणावर गेलं गं याचं?" ते अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं. नाक जरा तसंच होतं, त्यामुळं मांडव गप्प झाला आणि मागं कोणीतरी फिसकन हसलं. काकूंना ते हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्या दिवसापासून त्यांनी कुठं जाणं सोडलं. लग्न नाही, बारसं नाही, विहारात नाही. बोलायच्या त्या फक्त घरात.

घरात नवरा-बायकोचं बोलणं मग घंटीवर आलं. एसटीत कंडक्टर एक घंटी मारतो तेव्हा गाडी थांबते, दोन मारतो तेव्हा निघते. काकांनी तोच कायदा घरी लावला. काकूंच्या दंडावर एक टिचकी म्हणजे थांब, दोन टिचक्या म्हणजे चल. जेवायला चल, झोपायला चल, चहा उतू चाललाय तिकडं चल. बाकीचं हातवाऱ्यांनी भागायचं. ज्याचा आवाज सगळ्या जिल्ह्यानं ऐकला, त्याच्या घरात तो ऐकणारं कोणी राहिलं नाही. सकाळच्या त्या घोषणा गल्लीसाठी नसून काकांच्या स्वतःच्या घशासाठी असतात, असं मला पुष्कळदा वाटतं.

यंदा काकूंच्या भाच्याचं लग्न निघालं. भाऊ स्वतः टेंभुर्णीहून पत्रिका घेऊन आला. मी तिथंच होतो. त्यानं पत्रिका काकूंच्या हातात दिली आणि खुणांनी, तोंडानं, डोळ्यांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. अक्का, तू यायचंच. काकूंनी पत्रिका वाचली, दुमडलेला कोपरा बोटानं सरळ केला आणि म्हणाल्या, "मी येऊन काय करू? नुसते तोंडं हालताना पाहू?"

भाऊ खाली मान घालून गेला. काका त्याला वेशीपर्यंत सोडायला गेले आणि परत आले. त्या दिवशी आमच्या गल्लीत घोषणा झाली नाही. कोथिंबीर न आल्यानं बायकांच्या ते लगेच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दुकानात आले. "तीर्थपुरी, शटर खाली घ्या. गाडीत टेप बसवायचाय."

काकांची गाडी म्हणजे पांढरी, चौकोनी, कोणा डॉक्टरनं वापरून वापरून कंटाळल्यावर काकांना दिलेली. टेपच्या जागी तिच्यात नुसतं चौकोनी भोक होतं आणि त्या भोकात काका चष्म्याचं घर ठेवायचे. गेली कित्येक वर्षं चष्म्याचं घर तिथं सुखानं नांदत होतं. मी म्हणालो, "काका, आता या वयात टेप?"

"प्रवाशांनी नोंद घ्यावी," काका म्हणाले, "चौकशी खिडकी बंद आहे."

कुंडलिकेच्या पलीकडं, नव्या जालन्यात शफीकभाईंचं दुकान आहे. तिथं ते गाड्यांमध्ये टेप, स्पीकर, बॉक्स बसवून देतात. त्यांच्या दुकानासमोरून नुसतं चालत गेलं तरी पोटातलं पाणी हलतं. काकांची गाडी पाहून शफीकभाईंना भरून आलं. असली गाडी आता येत नाही, म्हणाले. मग भोकात हात घालून त्यांनी जुन्या वायरींचा एक गुंता बाहेर काढला. काही वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, काही कोणी तरी कापून एकमेकींना चिकटपट्टीनं बांधून ठेवल्या होत्या.

"स्क्रीनवाला लावू का काका? पिक्चर दिसतो."

"पिक्चर नको. धडधड पाहिजे."

"बराबर. दारात दोन स्पीकर, डिक्कीत बॉक्स. पूर्ण मोहल्ला हादरंल."

"डिक्कीत न्हाई. बॉक्स डाव्या सीटखाली पाहिजे. दारातले स्पीकर न्हाई बसवले तरी चालतंय."

शफीकभाईंनी पाना खाली ठेवला. "काका, सीटखाली छोटा चपटा बॉक्स बसतो, पण वर माणूस बसला की आवाज दबून जातो बिलकुल."

"आवाज कोणाला पाहिजे?" काका म्हणाले.

शफीकभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्या छताकडं पाहिलं.

नव्या टेपला दोन वायरी असतात, लाल आणि पिवळी. पिवळी कायम बॅटरीला जोडलेली आणि लाल चावीला, म्हणजे चावी फिरवल्याशिवाय टेप सुरू होत नाही. हे शफीकभाईंनी नीट समजावून सांगितलं. काकांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लाल-पिवळी एक करून टाका. मला गाडी बंद ठेवून टेप लावायचाय. इंजिनची थरथर मधी नको."

"टेप बंद करायचं विसरले तर बॅटरी उतरंल, काका."

"मी आयुष्यात गाडी सोडायची विसरलो न्हाई, टेप विसरीन का?" हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण त्याचं पुढं काय झालं ते सांगायचं आहे.

टेप बसला. बॉक्स बसला. शफीकभाईंनी विचारलं, गाणी कोणती भरू. "ज्याच्यात ढोलकी जास्त हाय ती." पेन ड्राइव्ह भरली. मग काका ड्रायव्हरच्या सीटवर न बसता डावीकडं जाऊन बसले, खिशातून कापसाचे बोळे काढले आणि दोन्ही कानांत घातले. डोळे मिटले. "लावा."

गाणं सुरू झालं. रस्त्यावरची माणसं थांबून पाहू लागली. टेप वाजतोय आणि ज्यानं तो बसवून घेतला तो कानात बोळे घालून बसलाय. काका डोळे न उघडता हुकूम सोडत होते. किणकिण काढा, बारीक काढा, माणसाचा आवाज काढा, नुसतं खालचं ठेवा. मग त्यांनी मला बसवलं. माझ्याही कानात कापूस आला. "सांगा, काय कळून राह्यलं?"

"खड्ड्यातून चाललोय असं वाटतंय," मी खरं ते सांगितलं.

काकांचा चेहरा पडला. "मंग न्हाई जमलं. शफीकभाई, बॉक्स पत्र्याला कसला न? तो काढा. सीटच्या सांगाड्याला कसा."

"सीट हादरंल."

"हादरलीच पाहिजे."

बॉक्स निघाला, सीटच्या लोखंडी सांगाड्याला कसला गेला. मी पुन्हा बसलो. या वेळी मांडीखालून काही तरी आलं, आधी एक भरीव ठोका, मग त्याच्या मागून पळत आलेले दोन-तीन लहान. कानात कापूस होता, काहीच ऐकू येत नव्हतं, आणि माझा पाय आपोआप हलायला लागला. मी कापूस काढून काकांकडं पाहिलं. मला सगळं कळलं.

"काकूंसाठी?" मी विचारलं.

"चौकशी खिडकी बंद आहे," काका म्हणाले, पण चष्मा काढून पुसायला लागले. मग हळूच म्हणाले, "गल्लीत सांगू नका. न्हाई जमलं तर हसू होईल. माझं झालं तर चालतंय, तिचं नको."

त्यामुळं पुढचे काही दिवस गल्ली जे बोलली ते मी मुकाट्यानं ऐकलं. काका रोज संध्याकाळी गाडीत बसायचे. तेही डाव्या सीटवर, काचा वर करून, कानात बोळे, डोळे मिटलेले, आणि गाडी जागच्या जागी थरथरायची. कोणतं गाणं बुडाला कळतं आणि कोणतं कळत नाही, याची ती निवड चालली होती. गल्लीला ते काय माहीत? "घरात बायकोला ऐकू येत न्हाई आन् हा माणूस गाणे लावून राह्यला," असं वाटूरमार्गे परतूर खुद्द मला म्हणाले. विनाथांबा तर माझ्यावरच घसरली, कारण टेप आणायला मी सोबत गेलो होतो. काकू दारात बसून शेंगा फोडायच्या आणि आपल्या नवऱ्याकडं पाहायच्या. म्हातारपणी असं व्हायचंच, असा काही तरी त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव असायचा.

लग्नाच्या दिवशी सकाळी काकांनी काकूंसमोर उभं राहून दोन बोटांवर दोन बोटं आडवी ठेवली. म्हणजे चौफुली. राजूर चौफुलीपर्यंत चल, एवढंच. तिथं न्हाई म्हणलीस तर गाडी वळवतो. हे सगळं त्यांनी हातांनी सांगितलं, आणि गाडी वळवायची खूण तर अशी केली की काकूंना हसू आलं. चौफुलीपर्यंत यायला त्या तयार झाल्या. पण घरच्या साडीवर. नवी साडी नेसल्या असत्या तर होकार दिल्यासारखं झालं असतं. काकांनी नवी साडी, आहेर आणि त्यांची चांगली चप्पल आदल्या दिवशीच डिक्कीत लपवून ठेवली होती. कपाटातली रिकामी जागा काकूंना दिसणार नाही, असं त्यांना वाटत होतं. मला त्यांनी 'राखीव वाहक' म्हणून मागच्या सीटवर बसवलं.

काकू पुढं बसल्या. काकांनी एक पाय आत, एक बाहेर ठेवून घोषणेसाठी श्वास घेतला आणि आधी सहज म्हणून चावी फिरवली. गाडी "टक" म्हणाली आणि गप्प बसली.

टेप विसरला होता. आदल्या संध्याकाळी आवाज पार शून्यावर नेऊन काका घरात गेले होते, आणि कानात बोळे असलेल्या माणसाला आवाज बंद केला काय आणि टेप बंद केला काय, सारखंच. लाल-पिवळी एक झालेली. रात्रभरात बॅटरी उतरून गेली.

काका असे उभे राहिले, जसे मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी विचारलं, "काय झालं?" आणि दाराच्या कडीला हात घातला. त्या उतरल्या की पुन्हा बसणार नाहीत, हे मला दिसत होतं आणि काकांना तर माझ्या आधी दिसलं होतं. त्यांनी मान वर केली आणि जे बेंबीतून आणायचं ते सगळं आणून गल्लीला सांगितलं, "प्रवाशांनी नोंद घ्यावी! तांत्रिक कारणास्तव गाडी ढकलावी लागत आहे! सगळ्यांनी तात्काळ फलाटावर यावं!"

आणि गल्ली आली. दात घासत आली, बनियनवर आली. डॉक्टर आले, दूधवाल्यानं किटल्या खाली ठेवल्या, विनाथांबा पदर खोचून बोलत बोलत आली. ज्या गाण्यांना नावं ठेवली त्याच टेपवाल्या गाडीला सगळ्यांनी खांदा लावला. काकू आत मान खाली घालून, पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. जुनी गाडी, तिला ढकलून सुरू होणं माहीत होतं. उताराला लागताच ती खोकली, हादरली आणि चालू झाली. ढकलायला उतरलेला मी धावत जाऊन पुन्हा मागं बसलो. मागून कोणीतरी ओरडलं, "कंट्रोलर, येताना कोथिंबीर!"

गल्ली मागं पडल्यावर काकांनी टेप लावला.

काकू ताठ झाल्या. "गाडी बिघडली," त्या म्हणाल्या, पुटपुटल्यासारख्या. "खालून काही तरी ठोकून राह्यलं. थांबवा."

काकांनी मान हलवली, टेपकडं बोट दाखवलं, आणि बोटानंच सांगितलं, थांब, जरा बस. काकूंनी सीटखाली हात घातला, झटका बसल्यासारखा काढून घेतला, पुन्हा घातला. मग सीटच्या कडेला तळहात ठेवून बसून राहिल्या. मागून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. गुडघ्यावरचा दुसरा हात दिसत होता. आधी त्याची दोन बोटं उचलली गेली, नुसतीच. मग ती पडली, पुन्हा उठली, आणि मग अंगठ्यासकट सगळा हात कामाला लागला.

"ढोलकी हाय," काकू म्हणाल्या.

काकांनी जोरात मान हलवली.

थोडं पुढं गेल्यावर त्या कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "वाजवणारा घाई करून राह्यला." आणखी थोडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "आता आला जागेवर."

काकांना इतका आनंद झाला की त्यांनी स्टिअरिंगवर अंगठ्यानं ठेका धरला. जरा आधी, जरा नंतर. काकूंनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग हात पुढं करून काकांचा अंगठा धरला. "तुम्ही नका वाजवू," म्हणाल्या, आणि चौफुली येईपर्यंत तो अंगठा सोडला नाही.

राजूर चौफुली आली. काकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं, कारण बंद केलं असतं तर पुन्हा ढकलायला तिथं गल्ली नव्हती. टेप बंद केला. आणि डॅशबोर्डवर बोटाच्या पेरानं एकदा ठोकलं. एकदा म्हणजे थांबा. काकूंना ऐकू जायचं कारण नव्हतं, पण त्यांनी पाहिलं. मग काका दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले आणि त्यांनी काकूंकडं पाहिलंसुद्धा नाही. वळवायची तर गाडी वळवायची, शब्द दिला होता.

काकू काचेतून बाहेर पाहत होत्या. रसवंतीवर चार माणसं उभी होती, दोन रिक्षा होत्या, राजूरकडं तोंड करून एक बस उभी होती आणि तिच्यातून माणसं माहेरी-सासरी निघाली होती. काकूंनी सीटवर तळहात ठेवून पाहिला. काही येत नव्हतं.

"बंद कामून केलं?" त्या म्हणाल्या. आणि डॅशबोर्डवर ठोकलं. दोनदा.

काकांनी गिअरवर हात ठेवला. मग त्यांनी श्वास घेतला आणि मागं बसलेल्या एकट्या मला उद्देशून सुरू केलं, "प्रवाशांनी नोंद घ्यावी. राजूरमार्गे..." आणि तो आवाज तिथंच अडकला. अख्ख्या नोकरीत कोणत्या गाडीला अडकला नव्हता तो. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला, पुन्हा काढला. मागं एक ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवायला लागला. मी पुढचं बोलून टाकावं का, असं मनात आलं, पण ती घोषणा माझी नव्हती.

काकूंनी नवऱ्याकडं पाहिलं. आणि मग त्या बोलल्या, तशाच, शेतातून हाक मारल्यासारख्या. "ओ कंट्रोलर! गाडी लेट होऊन राह्यली! साडी नेसायलाबी टाइम लागंल का न्हाई मला तिथं?"

सगळी चौफुली वळून पाहायला लागली. रिक्षावाले वळले, रसवंतीवरची माणसं ग्लास हातात धरून वळली. एक जण हसलाही. काकूंना ते दिसलं. त्यांनी त्याच्याकडं क्षणभर पाहिलं, पदर खोचला आणि डॅशबोर्डवर पुन्हा दोनदा ठोकलं, पहिल्यापेक्षा जोरात.

काकांनी टेप लावला आणि गाडी सोडली.